एक लाल पान, गळलेलं

पंचांगात आश्विन-कार्तिक म्हणजे शरद ऋतू. आमच्या जळगावात त्याची वर्दी कूलरवरून मिळते. गणपती गेले की नवरा कूलरमधलं पाणी काढतो, जाळ्यांतलं गवत गच्चीत वाळवतो, जुनी चादर गुंडाळून वर सुतळीच्या गाठी मारतो आणि मोठी कामगिरी बजावल्याच्या थाटात हात झटकतो. मग ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस खान्देशातून काढता पाय घेतो. आकाश निरभ्र, जमिनीत ओल, वर पस्तीस-छत्तीस अंशांचं ऊन, आणि या दोघांच्या मध्ये आपण. त्या गाठी सोडायला मी बसते. नवरा म्हणतो, "अगं, आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे." दर वर्षी हे आठ दिवस दिवाळीच्या फराळापर्यंत पुरतात.

बालकवी आमच्याच जिल्ह्यातल्या धरणगावचे. पण त्यांनी श्रावणाला जे दिलं ते ऑक्टोबरला दिलं नाही, आणि का दिलं नाही हे जळगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तरी मुलांना घेऊन घराबाहेर पडायचं ते याच दिवसांत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. तेव्हा भर दुपारी लेकरं घेऊन रस्त्यावर दिसणारी बाई एकतर परगावची असते, नाहीतर लग्नाच्या वऱ्हाडाची बस चुकलेली. पावसाळ्यात काळी माती एकदा चपलेला धरते ती घरापर्यंत सोडत नाही. थंडीत लग्नं, स्नेहसंमेलनं आणि नाकं. राहता राहिले हे दोन महिने. त्यात नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळी, रथ, झालंच तर शाळेच्या सुट्ट्या. सगळी हौस यातच उरकायची, आणि उरकताना पिशवी माझ्या खांद्यावर.

या पिशवीबद्दल थोडं सांगायला हवं. थोरली सहा वर्षांची, पहिलीत आहे. धाकटा अडीच वर्षांचा; तो अजून कुठेच नाही, त्यामुळे सगळीकडे असतो. पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या असतात, कारण धाकट्याने तोंड लावलेल्या बाटलीतून थोरली पाणी पीत नाही आणि धाकट्याला फक्त थोरलीच्याच बाटलीतलं पाणी लागतं. जादा चड्ड्या, ओला रुमाल, कोरडा रुमाल, दोन्ही रुमाल संपल्यावर लागणारी माझी ओढणी. शेव-मुरमुऱ्यांचा डबा, दोन गुळाच्या दशम्या, लिंबू, आणि एक पिवळा जेसीबी. पैशांचं पाकीट विसरलं तरी चालतं, फोनवरून पैसे देता येतात. जेसीबी विसरला तर रिक्षा परत फिरवावी लागते. नवरा या पिशवीकडे बघून दर वेळी विचारतो, "एवढं काय घेतलंयस?" आणि पुढच्या तासाभरात तिच्यातली प्रत्येक वस्तू एकेक करून मागतो.

तर नवरात्राच्या तोंडावर पहिलीच्या आयांच्या ग्रुपवर शाळेचा निरोप आला. 'ऑटम अ‍ॅक्टिव्हिटी. मुलांनी गळलेली लाल व नारिंगी पानं गोळा करून चार्टपेपरवर चिकटवावीत. दिवाळीच्या सुट्टीआधी जमा करावीत. प्लास्टिकची पानं चालणार नाहीत.' शेवटच्या वाक्यावरून कळत होतं की शाळेचा आयांविषयीचा अभ्यास पक्का आहे. फुले मार्केटात दिवाळीच्या तोरणांत हवी तेवढी लाल पानं मिळतात, हे माझ्यासकट साऱ्या ग्रुपला त्याच क्षणी सुचलं होतं.

थोरलीने पुस्तकातलं चित्र दाखवलं. गळ्यात मफलर घातलेला मुलगा, झुबकेदार शेपटीची खार, भोपळा, आणि पाच बोटं पसरलेलं लालभडक पान. "आई, आपल्याकडे ऑटम कुठे असतो?"

"धुळ्याला असेल," नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. तो धुळ्याचा. लग्नानंतर जळगावात राहायला आल्यापासून जे जळगावात नाही ते सगळं धुळ्याला आहे, अशी त्याची समजूत आहे. मी जळगावची असल्यामुळे माझी समजूत मी इथे लिहीत नाही.

खरं तर अडचण झाडांची होती. थंड मुलखात दिवस आखडायला लागला आणि गारठा वाढला की झाडं पानांतलं हिरवं द्रव्य आवरतं घेतात, मग लाल-पिवळे रंग दिसतात आणि पान गळतं. आपण एकवीस अक्षांशावर. आपलं झाड थंडीला भीत नाही, तहानेला भितं. निंबाची पानगळ माघ-फाल्गुनात, सागाची पाणी आटेल तशी. ऑक्टोबरात चार महिने पाऊस पिऊन प्रत्येक झाड असं टच्च हिरवं असतं की त्याला लाल हो म्हणायचं म्हणजे नव्या नवरीला पांढरं नेस म्हणण्यासारखं. कुणी म्हणेल, देशी बदामाचं पान लाल होतं की. होतं. पण पौष-माघात, आणि आमच्या कॉलनीतला बदाम तर तारांना लागतो म्हणून नवरात्राच्या आधीच बुंध्यापर्यंत छाटलेला. एकूण, खान्देशात ऑक्टोबरमध्ये पान लाल होऊन गळलं तर झाडाचं काहीतरी बिनसलंय असं समजावं.

अमेरिकेतल्या नणंदेला मात्र याच सुमारास दरवर्षी उमाळा येतो. न्यू जर्सीत ती कुटुंबासह पानं बघायला गाडी काढून जाते. पानं तोडायला नाही, झाडायला नाही, नुसती बघायला. मग घरच्या ग्रुपवर फोटो येतात: लाल डोंगर, नारिंगी रस्ता, त्यात नणंद कोटाच्या खिशात हात घालून उभी. तिच्याही पिशवीत जेसीबी असेलच, पण फोटोत हात मोकळे दिसतात. यंदा मी तिला लिहिलं, 'वन्सं, थोडी पानं पोस्टाने पाठवता का?' तिने हसण्याची चिन्हं पाठवली. मी गंभीर होते.

पहिला शोध मेहरुण तलावावर घेतला. जळगावकरांना हवा खायची असली की मेहरुणला जावं लागतं, आणि तिथे हवेबरोबर भेळही खावी लागते. मेहरुणच्या बोरांना अजून अवकाश होता. तलावाकाठी थोरली खाली मान घालून चालत होती, तिच्यामागे धाकटा खाली मान घालून, त्याच्यामागे मी. फिरायला आलेल्या एका आजोबांनी आस्थेने विचारलं, "काही हरवलं का? सोन्याचं होतं का?" जळगावात खाली बघून चालणाऱ्या बाईचं दुसरं काय हरवणार! मी म्हटलं, "पान शोधतोय. लाल." त्यांनी खिशातून पानाची पुडी काढली आणि म्हणाले, "खाल्ल्यावर होतं."

त्या दिवशी सापडलेला ऐवज: वडाचं एक पिवळट पान, वेफर्सची लाल पाकिटं बरीच, आणि धाकट्याच्या तोंडातून वेळेवर काढलेली एक काडी.

याच दिवसांत संध्याकाळी भुलाबाई असतात. भाद्रपदी पौर्णिमेला खान्देशातल्या घरांत मातीच्या भुलाबाई आणि भुलोजी बसतात, आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरतात. पार्वती माहेरी आली आहे, शंकर तिच्या मागोमाग आला आहे, एवढी ही गोष्ट. देशावर भोंडला-हादगा असतो त्याची ही चुलतबहीण. गाणी मात्र चुलतबहिणीसारखी लाजरी नाहीत. सासूचा जाच, नणंदेच्या लावालाव्या, माहेरचं मूळ न आल्याचा राग, असा सगळा मजकूर पहिली-दुसरीतल्या मुली खड्या आवाजात ठणकावून म्हणतात. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर खऱ्या सासवा बसलेल्या असतात आणि कौतुकाने मान डोलवतात. यातला एखादा मुद्दा मी गद्यात मांडला असता तर कार्तिकापर्यंत अबोला झाला असता.

गाण्यांनंतर खाऊ ओळखायचा. ज्या घरी भुलाबाई, त्या घरच्या बाईने झाकलेला डबा आणायचा, कानाशी खुळखुळवून दाखवायचा, आणि मुलींनी ओळखायचं: गोड की तिखट, कोरडं की ओलं, तळलेलं की उकडलेलं. पूर्वी म्हणे खोबरं-खिसापासून सुरुवात व्हायची आणि पोरी मिनिटात ओळखायच्या. आता अपार्टमेंटमध्ये ही स्पर्धा परीक्षा झाली आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पास्ता ठेवला, तिसऱ्यावरच्यांनी ढोकळ्याचं सॅंडविच. एकीने तर केक ठेवला आणि डबा हलवल्यावर आतून काहीच आवाज येईना तेव्हा 'आवाज न येणं हाच क्लू आहे' असं जाहीर केलं. थोरलीचं उत्तर सगळीकडे एकच असतं. ती डोळे मिटून विचार केल्याचं दाखवते आणि म्हणते, "मॅगी."

माझी पाळी आली त्या दिवशी गॅस दुपारीच संपला होता आणि दुसरं सिलिंडर संध्याकाळी उशिरा आलं. सकाळच्या पोळ्या उरलेल्या होत्या. कुस्करून, हिरवी मिरची, शेंगदाणे, कढीपत्ता घालून मस्तपैकी फोडणीची पोळी केली आणि डबा घट्ट बंद केला. मुलींनी बारी लावली. पोहे? नाही. उपमा? नाही. चिवडा? जवळ आलात. नूडल्स, कुरकुरीत भेंडी, मोमोज... शेवटी पंधरा-वीस पोरी हरल्या आणि मला विजयी घोषित केलं. डबा उघडल्यावर त्यांनी चाटूनपुसून खाल्लं, आणि दोघी-तिघींच्या आया रात्री मला रेसिपी विचारायला आल्या. मी म्हटलं, "आधी पोळ्या उरवाव्या लागतात." त्यांनी तेही लिहून घेतलं.

दसऱ्याला धुळ्याला जायचं हे लग्नाच्या याद्यांतच ठरलेलं. सासूबाई आणि आजेसासूबाई डोळे दाखवायला जळगावी आल्या होत्या, त्यांनाही पोहोचवायचं होतं. आगगाडीने जावं तर सुरतेची लाईन जळगावहून धरणगाव, अमळनेर, नरडाणा करत जाते आणि धुळ्याला बगल देते. धुळ्यालाच जायचं असेल तर आधी चाळीसगावला जाऊन तिथून धुळ्याची गाडी धरायची, म्हणजे त्रिकोणाची एक बाजू वाचवायला दोन बाजू चालायच्या. म्हणून एसटी.

एसटीत चढल्यावर कंडक्टरसमोर आमच्या घराची खरी प्रतवारी झाली. आजेसासूबाई ऐंशीच्या पुढच्या. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, त्यांचं तिकीट शून्य. सासूबाई सहासष्टच्या, ज्येष्ठ म्हणून अर्ध्या. मी 17 मार्च 2023 पासून महिला म्हणून अर्धी. थोरली पाच ते बाराच्या मधली म्हणून अर्धी. धाकटा पाचाच्या आतला, फुकट. सासूबाईंनी मुद्दा काढला की आपण ज्येष्ठही आहोत आणि महिलाही आहोत, तेव्हा अर्धं अधिक अर्धं सूट मिळून काहीच लागू नये. कंडक्टरने हा हिशेब आदराने ऐकून घेतला. हा प्रश्न त्याला नवा नसावा. मग तो नवऱ्याकडे वळला. "तुम्ही एकटेच फुल?"

"घरात आम्हीच एकटे पूर्ण आहोत," नवरा म्हणाला. पण गाडीत बसायला जागा चारच होत्या. मोफत आजी खिडकीशी बसल्या, अर्ध्या तिकिटाच्या आम्ही तिघी बसलो, मोफत धाकटा माझ्या मांडीवर, आणि पूर्ण तिकिटाचा माणूस दांडीला धरून एरंडोलपर्यंत उभा.

जळगाव ते धुळे हा नव्वदेक किलोमीटरचा रस्ता मोठ्यांना गावांनी पाठ असतो, मला धाकट्याच्या गरजांनी. बांभोरीला गिरणेचा पूल लागला की त्याला पाणी हवं असतं. पाळधीला ते सांडतं. एरंडोलला शू. पारोळ्याला किल्ला आहे, बालाजी आहेत, झाशीच्या राणीच्या माहेरच्या तांब्यांचं नाव या गावाशी जोडलेलं आहे, हे सगळं मी थोरलीला सांगायला घेते आणि नेमक्या त्याच वेळी लिंबाची गरज लागते. यंदा लिंबू हुंगून तो सावरला आणि मग त्याने ते खाल्लं. मुकटी-फागण्यापर्यंत गाडी भरभर जाते, कारण तोवर तो झोपलेला असतो. तो धुळ्याच्या स्टँडवर उठतो, ताजातवाना, आणि त्या वेळी आपल्यापैकी कुणातही काही उरलेलं नसतं.

शेजारच्या सीटवरच्या आजींनी एव्हाना धाकट्याला दोनदा मांडीवर घेऊन झालं होतं. "आठे बसाड वं बाई त्याले," म्हणत त्यांनी स्वतःहून जागा केली. मग त्याच्या दंडाला चिमटीत धरून म्हणाल्या, "कितला वाळी ग्या व माय पोऱ्या!" ज्या पोराने आत्ताच दोन दशम्या, अर्धा डबा शेव-मुरमुरे आणि एक लिंबू संपवलं होतं, त्याच्याबद्दल हे विधान होतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर दूरपर्यंत कपाशी होती.

धुळ्याचं मला एक मनापासून आवडतं. 1819 च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अंमलदाराने इथे नवी पेठ आखली, आणि जुन्या शहरातल्या सरळ रेषेतल्या गल्ल्या आजही आकड्यांनी ओळखल्या जातात. गल्ली नंबर एक, दोन, चार. थोरलीला पहिलीत बेरजा आहेत. रिक्षात बसून तिने हिशेब मांडला की आपण गल्ली नंबर चारमधून दोन गल्ल्या पुढे गेलो तर सहा येणार, आणि सहा आली तेव्हा तिला धुळे या शहराविषयी जो आदर वाटला तो तिच्या वडिलांनी इतकी वर्षं सांगूनही वाटला नव्हता. जळगावात पत्ता सांगायचा तर अमक्या हॉस्पिटलच्या मागे, तमक्या दुकानावरून डावीकडे, आणि मग फोन करा.

एकवीरादेवीला पांझरेच्या काठी नवरात्राची गर्दी होती. मुलांना घेऊन देवीला जाण्यात दर्शन हा सर्वांत छोटा भाग असतो. रांगेत थोरलीने पुढच्या बाईच्या वेणीतली फुलं मोजली, धाकट्याने एक चप्पल टाकली आणि मग ती परत मिळाल्यावर दुसरी टाकली. गाभाऱ्यासमोर मला जेमतेम क्षणभर मिळालं, आणि त्यात मी काय मागितलं असेल? 'आई, एक लाल पान.' डोळे उघडले तेव्हा धाकटा पुजाऱ्याला जेसीबी दाखवत होता.

दसऱ्याला सोनं वाटलं. आपट्याची पानं अर्थातच हिरवी. जळगावची बाजारपेठ सोन्यासाठी नावाजलेली. दसऱ्याच्या मुहूर्तावर सराफांकडे पाय ठेवायला जागा नसते. त्या गावच्या मुलीला मात्र लग्नानंतरच्या प्रत्येक दसऱ्याला नवऱ्याने पानच दिलं आहे, आणि तेही बहुधा आपट्याचं नाही, कांचनाचं. थोरलीने ते पान उलटंसुलटं करून पाहिलं. "हे वाळलं तर लाल होईल?" "नाही गं, तपकिरी होईल." "म्हणजे सोनंपण नाही आणि ऑटमपण नाही," ती म्हणाली आणि पान आजोबांच्या फोटोपुढे ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी चुलतसासऱ्यांच्या वावरात गेलो. धुळ्याबाहेर, लळिंगच्या किल्ल्याच्या अंगाला त्यांची कपाशी आहे. मुलांना शेत दाखवायचं हा बेत, म्हणजे पिशवीत आता एक गमबूटही. काका बांधावर उभे होते. बोलावलं म्हणून आनंदाने आले होते, पण शेताकडे पाठ करून उभे होते. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

थोरलीच्या आधीच लक्षात आलं होतं. तिने माझा हात सोडला आणि किंचाळत सरीत पळाली. "आई! ऑटम!"

अर्धं शेत लाल होतं. नुसतं लालसर नाही, पुस्तकातल्यासारखं लाल. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक पानाची किनार आधी लाल झालेली, मग शिरांच्या मधला भाग, आणि देठाजवळ तेवढा हिरवा टिळा राहिलेला. काही पानं जांभळट होऊन कडक झाली होती, हात लावला की देठापासून सुटून पडत. झाडाखाली त्यांचा सडा. वर बोंडं होती, काही फुटलेली, पण लहान. मुठीत धरली तर मूठ भरत नव्हती. धाकटा गमबुटांनी पानं तुडवत होता आणि तो जो कुरकुर आवाज येत होता, तो न्यू जर्सीच्या व्हिडिओत येतो तोच.

"लाल्या शे तो, पोरी," काका म्हणाले.

मग त्यांनी मला समजावलं, सुनेला समजावतात तसं जमिनीकडे बघत. बोंडं भरायच्या वेळी झाडाला नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडलं, वरून पावसाने आधी पाणी साचवलं आणि मग ओढ दिली, रात्री एकदम गारवा आला, तुडतुड्यांनी रस शोषला, की कपाशीचं पान असं लाल होतं. लाल झालेल्या पानाला अन्न करता येत नाही. बोंड पोसत नाही. मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी केली होती, पण उशीर झाला होता. पहिली वेचणी हाती लागेल, पुढच्या वेचणीचं काही खरं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी सपाट होता. फक्त हातातलं एक पान ते मधोमध, शिरेवरून, घड्या घालत होते.

थोरलीने तोवर फ्रॉकची ओटी भरली होती. माझी अवघड परिस्थिती झाली. सासऱ्यांच्या वावरातला रोग आणि मुलीचा गृहपाठ एकाच झाडाला लागलेला. मी तिला हळूच म्हटलं, "बास गं, पुरे." तर काकाच खाली बसले आणि पानं निवडायला लागले. भोकाचं नको, फाटलेलं नको, पाचही बोटं शाबूत पाहिजेत. "यानं काय करतीन शाळामा?" त्यांनी विचारलं. चार्टपेपरवर चिकटवतील, तिने सांगितलं. "लई जाय," ते म्हणाले, "जितला पाहिजे तितला लई जाय." अख्ख्या हंगामात ते पीक मागायला आलेलं पहिलं गिऱ्हाईक आमचं.

येताना जळगावच्या अलीकडे केळीच्या बागा दिसल्या की थोरली आता जाणकार नजरेने बघायची. केळीची खालची पानं पिवळी-तपकिरी दिसली. "हा पण ऑटम?" नवऱ्याने सांगितलं, "तो करपा." तिने मान डोलवली. "म्हणजे पिवळा ऑटम."

बाकीचा महिना नेहमीसारखा गेला. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवलं; चंद्र वर यायच्या आत मुलं झोपली आणि झोपलेल्या दोन मुलांना घेऊन चार जिने उतरताना मी लक्ष्मीला सांगितलं की होय, जागी आहे. दिवाळीचा फराळ कूलरच्या वाऱ्यात झाला. पानं जड पुस्तकांत दाबून ठेवली होती. नवऱ्याने आयकर विवरणाच्या फाइलसाठी कपाट उघडलं तेव्हा ती त्याच्यावर पडली. चार्ट जमा झाला.

कार्तिकी एकादशीला जळगावचा रामरथ. 1872 पासून चालत आलेला, अप्पा महाराजांनी सुरू केलेला. रथ म्हणजे जुन्या गावच्या अरुंद गल्ल्यांतून ओढत न्यायचं एक उंच देऊळच. त्याला लगाम नसतो, ब्रेक नसतो. चाकांपाशी माणसं असतात, ती लाकडी मोगरी चाकाखाली घालतात. त्या मोगरीच्या जोरावर रथ वळतो, थांबतो आणि कुणाच्या ओट्यावर चढत नाही. लोक वर रामाकडे बघतात, फुलं वर जातात, केळी वर जातात. मी मोगरीवाल्यांकडे बघत बसते. दिवसभर खाली मान, हात चाकाजवळ, आणि कुणी 'एवढं काय केलंस?' असं विचारलं तर दाखवायला काही नाही. थोरली बाबांच्या खांद्यावर होती, धाकटा माझ्या कमरेवर, पिशवी जिथे असते तिथे.

रथासाठी काका धुळ्याहून आले होते. शाळा सुट्टीनंतर सुरू झाली होती आणि चार्ट परत मिळाला होता. थोरलीने तो त्यांच्यासमोर उलगडला. मधोमध कपाशीची लाल पानं, भोवती स्केचपेनने काढलेली खार, आणि कोपऱ्यात बाईंचा शेरा, दोन तारे आणि हसरा चेहरा: 'एक्सलंट! ब्यूटिफुल मेपल लीव्ह्ज!' खाली नवऱ्यासाठी आणि माझ्यासाठी एक ओळ होती, एवढी सुंदर मेपलची पानं कुठून मागवलीत, कळवावं.

काकांनी चष्मा लावून चार्ट पाहिला. "मेपल म्हंजे काय?"

नवऱ्याने सांगितलं, अमेरिका-कॅनडात झाड असतं, पान असंच दिसतं, शरदात लाल होतं.

"त्याले बोंड येस?"

"नाही. खोडातून रस निघतो, त्याचा गोड पाक करतात. पण लोक मुख्य पानं बघायलाच जातात. ताई जाते ना, लांबून गाड्या करून जातात, हॉटेलात राहतात."

"लाल पानं दखाले? पैसा खर्ची?"

"हो."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तिले फोन लाव," ते म्हणाले. "तिले सांग, पुढला साल आठेच येजो. काका फुकट दखाडसू म्हने, आनि वावरनं बांधवर भरीत-भाकरबी शे."